नोआगाच्या पाठीमागचा सामो

वागादुगू, १२ ऑक्टोबर १९९१

तोमा गावचा पेन्शनर मास्तर आणि माझा पिढीजात गुलाम अँब्रोज तोए यास, त्याचा मालक नोआगा काफांडो याजकडून,

तुमच्या गावात एखादं कुत्रं शिल्लक आहे का रे, की सगळी तुझ्या पातेल्यात गेली? असेल एखादं तर त्याला माझा निरोप दे, म्हणावं अँब्रोज दिसला की पळ.

आता बातमी. आधी खाली बस, तुझे गुडघे आता भरवशाचे राहिलेले नाहीत. बसलास? मला काम मिळालंय. नेहमीचं नव्हे. वीस वर्षांत मी चौदा सिनेमे केले. त्यांत नऊ वेळा गावाचा प्रमुख झालो, तीन वेळा मुलीचं लग्न जबरदस्तीने लावणारा बाप झालो, एकदा चेटक्या आणि एकदा प्रेत. प्रेताचं काम तुला सगळ्यांत आवडलं होतं, कारण त्यात मी बोलत नव्हतो. पण या वेळी पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत मीच आहे. एक म्हातारा रोज गावच्या बसथांब्यावर जाऊन बसतो. त्याचा मुलगा समुद्राकडे कोकोच्या मळ्यांत कामाला गेलाय आणि परत आलेला नाही. म्हातारा वाट बघतो आणि बोलतो. भरपूर बोलतो. आलिमा बोंकुंगू नावाची पोरगी सिनेमा करतेय. वय एकतीस, आवाज सुभेदाराचा. मला म्हणाली, "बाबा, तुम्ही आजवर नुसते खुर्चीत बसलात. आता काम करा." माझ्या तोंडावर म्हणाली! मला ती लगेच आवडली.

परवा भेंडी आणायला बाजारात गेलो. भेंडीवालीने मला पाहिलं आणि टोपलीवर फडकं टाकलं. म्हणाली, "आधी त्या बायकोला घरात घे, मग भेंडी." कुठली बायको? अरे, सहा वर्षांपूर्वीच्या सिनेमातली! मी म्हटलं, "बाई, ती नटी आहे, तिचं चांगलं शिलाईचं दुकान आहे." म्हणाली, "मला नको शिकवू, मी या डोळ्यांनी पाहिलंय." शेवटी आजच घरी जाऊन तिची माफी मागतो असं कबूल केलं तेव्हा कुठे भेंडी मिळाली.

आमची लेक पोको बोबो शहरातल्या दवाखान्यात नोकरीवर मजेत आहे. दिवसाला सहा-सात बाळंतपणं करते. तुझी आठवण काढत होती. मी म्हटलं, कशाला काढतेस.

तुझा मालक,
नोआगा

*

तोमा, २ नोव्हेंबर १९९१

गाढवखाऊ नोआगास,

तुझं पत्र आणणारा टॅक्सीवाला टोगोचा होता. पाकिटावर 'माझ्या गुलामास' वाचून तो बिचारा घाबरला. पत्र देऊन दोन पावलं मागे सरला. त्याला वाटलं, आता इथे खून पडणार. मी त्याला आपली ज्वारीची दारू, दोलो, पाजली आणि समजावलं, की बाबा रे, मी सामो, तो मोस्सी. आमच्या पणज्यांच्या पणज्यांनी ठरवून दिलंय की या दोघांनी भेटल्याबरोबर एकमेकांना शिव्या द्यायच्या आणि कुणी रागवायचं नाही. रागवेल तो बाटगा. टोग्याने विचारलं, "मग खरं कधी बोलता?" मी म्हटलं, "तशी वेळ आली नाही अजून."

तुला मोठं काम दिलं म्हणजे देशात नटांचा दुष्काळ पडलेला दिसतो. आलिमाबाईंना माझी सहानुभूती कळव. वागादुगूच्या शाळेत मी नवा मास्तर होतो आणि तू फाटकाबाहेर सायकली दुरुस्त करायचास. पंक्चर काढता काढता तू मुख्याध्यापकांची नक्कल करायचास आणि माझा वर्ग खिडकीला लटकायचा. मी तुला अक्षरं शिकवली ती एवढ्यासाठी की तू वाचत बसशील आणि माझा वर्ग शांत राहील. पुढे तो पहिला सिनेमा आला. संवाद फ्रेंचमध्ये लिहिलेले, तुला ओळ पाठ होईना. मी बाजरीच्या कणगीमागे उकिडवा बसून एकेक वाक्य तुझ्या भाषेत सांगत होतो आणि माझ्या पाठीवरून मुंग्या फिरत होत्या. पडद्यावर नाव मात्र तुझं. मुंग्यांचंसुद्धा नाही.

भेंडीवाली बाई शहाणी आहे. तिला म्हणावं, मी असतो तर फडक्यावर दगडही ठेवला असता.

तुझा धनी,
अँब्रोज तोए

*

वागादुगू, २४ नोव्हेंबर

कुत्र्याची मुंडी चघळणाऱ्या अँब्रोजास,

तालीम सुरू झाली. आलिमा चांगली आहे, रागावते पण चांगली आहे. धुळीचा वारा सुटलाय आणि घसा धरलाय.

तुला एक गंमत सांगायची राहिली. बाजारात भेंडी आणायला गेलो होतो, तर भेंडीवालीने टोपलीवर फडकं टाकलं. म्हणाली, "आधी त्या बायकोला घरात घे." सहा वर्षांपूर्वीच्या सिनेमातली बायको, बोल! माफी मागतो म्हटलं तेव्हा कुठे भेंडी मिळाली. पोट धरून हसलो.

आता ऐक. तू इथे ये. मालकाचा हुकूम समज. तुझ्याशिवाय माझ्या पायाशी बसायला कुणी नाही. शब्द हल्ली फार माजलेत. सकाळी गोठ्यात मोजून बांधतो आणि दुपारी बघावं तर दावी रिकामी. कुणीतरी मागे बसून हाकायला पाहिजे आणि गुरं हाकण्यापलीकडे सामोला दुसरं काय येतं? तू आला नाहीस तर मी मेलो असं धर. बाकी ठीक. ये.

नोआगा

*

तोमा, ८ डिसेंबर १९९१

मरायला टेकलेल्या मोस्सीस,

मेलास की वेळेवर कळव. मी येईन आणि रीतीप्रमाणे तुझ्या खड्ड्यात आडवा पडेन. तुझ्या घरच्यांनी मला दोन कोंबडे आणि घागरभर दोलो दिल्याशिवाय उठणार नाही. एक कोंबडा चालला असता, पण तू लांबोडा आहेस, खड्डा मोठा लागेल.

आणि भेंडीवाली पुन्हा? दोन महिन्यांपूर्वी तीच गोष्ट शब्द न् शब्द लिहिली होतीस. गोष्टी संपल्या असतील तर सांग, मी पाठवतो चार. एवढा मोठा नट झालास आणि एकच खेळ दोनदा लावतोस, तोही जुन्याच तिकिटावर.

माझी शेंगांची काढणी झाली, झोडणी राहिलीय. तुझे शब्द हाकायला माझ्याकडे वेळ कुठला? एखादं गाढव ठेव. हाकेल तोवर हाकेल, मग कापून खा.

अँब्रोज

*

वागादुगू, ५ जानेवारी १९९२

अँब्रोजकाका,

मी पोको. आज शिव्या नंतर. तशा त्या माझ्याकडे तयार आहेत.

नवीन वर्षासाठी चार दिवस बाबांकडे आले होते म्हणून कळलं, नाहीतर मलाही कळलं नसतं. चित्रीकरण परवाच सुरू झालं. पहिल्या दिवशी बाबा बसथांब्यावर बसले, कॅमेरा सुरू झाला आणि ते गप्प. आलिमाताईंना वाटलं, मुद्दाम थांबलेत. सगळे कौतुकाने बघत राहिले. मग ताईंनी वाक्य सांगितलं. बाबांनी निम्मं म्हटलं आणि पुन्हा गप्प. असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी बाबा उठले आणि ओरडले की हे लिहिलंय कुणी, माणसं असं बोलतात का, आणि टोपी उचलून निघून गेले. सगळे म्हणाले, मोठ्या नटाचा राग. कुणाला शंका आली नाही.

दुपारभर मी त्यांना शोधत होते. काका, ते तुमच्या जुन्या शाळेच्या फाटकाबाहेर बसले होते. तिथे आता टायरांचं दुकान आहे. दुकानदार त्यांना ओळखत होता. हा सिनेमातला गावप्रमुख आपल्या दारात बसलाय म्हणून त्याने खुर्ची दिली होती, शेंगा दिल्या होत्या. बाबा मला म्हणाले, "सायकल घेऊन गेलेत, अजून परत आले नाहीत." कोण घेऊन गेलं ते त्यांना सांगता आलं नाही. तासाभराने सगळं आठवलं आणि मग ते रडले. मी त्यांना रडताना आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, हे काम सोडून द्या. आलिमाताईंना सांगू, तब्येत बरी नाही. तर म्हणाले, "पोको, मी वीस वर्षं लोकांना घाबरवलंय, हसवलंय. एकदा का त्यांना माझी कीव आली की मी संपलो. हा एक सिनेमा मला पुरा करू दे, कुणाला न कळता. मग काय विसरायचं ते विसरेन." मग म्हणाले, "मी अँब्रोजला बोलावलं होतं. तो हसला."

मी तुमचं पत्र शोधून वाचलं. तुमची चूक नाही काका. तुम्हा दोघांना एकमेकांशी दुसरं काही बोलताच येत नाही. त्यांनी खरं लिहिलं, पण तुमच्या नेहमीच्याच भाषेत लिहिलं, मग तुम्हाला तरी कसं कळावं? पण ते खरं होतं. आलिमाताईंनी आठवडाभर काम थांबवलंय. मला उद्या बोबोला परत जावं लागतंय.

तुमची,
पोको

*

तोमा, ८ जानेवारी १९९२

नोआगा,

पोरीचं पत्र आज आलं. मी गाढव आहे, आणि हे मी एका मोस्सीला लिहून देतोय, जपून ठेव. शेंगांची झोडणी भावाच्या गळ्यात घातली. उद्याच्या गाडीने निघतो. माझ्यासाठी भाताबिताची तयारी नको, बाजरीच्या पिठाचा गोळा आणि वर पातळ भेंडी चालेल. भेंडी मीच आणीन, तुला ती बाई देणार नाही.

तोवर कुठे जाऊ नकोस. घरात बस.

अँब्रोज

*

वागादुगू, २ फेब्रुवारी १९९२

पोकोस, तिच्या सामो काकाकडून,

काम सुरळीत चाललंय. आधी हे वाचून घे आणि मोकळा श्वास घे. बाळंतिणींनाही सांग.

पहिला दिवस वाईट गेला. मी थांब्याच्या बाकामागे बाजरीच्या पोत्यांआड जाऊन बसलो, पूर्वी बसायचो तसा. पहिलं वाक्य हळूच सांगितलं. नोआगाने मान वळवली आणि दात आवळून म्हणाला, "सगळ्यांदेखत मला वाक्यं पढवायला आलास? ऊठ, नाहीतर मी उठतो." खरंच उठायला लागला. कॅमेऱ्यावरचा पोऱ्या आणि कपडेवाली बाई एकमेकांकडे बघायला लागली. मला दिसलं, एवढ्यात यांना कळणार.

मग मी पोत्यांवरून मुंडकं वर काढून बोंब ठोकली, "अरे ए गाढवखाऊ! बस खाली! बापजन्मात कधी बस पाहिली नाहीस का? मुलगा मंगळवारी येणार म्हणून सांग की या लोकांना!" सगळं युनिट खो खो हसलं. कपडेवाली म्हणाली, "बाबांचा सामो आला, आता काही खरं नाही." आणि नोआगाने माझ्याकडे पाठ फिरवली, समोर रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझा मुलगा मंगळवारी येणार आहे." असा म्हणाला की हसणारे गप्प झाले.

तेव्हापासून असंच चाललंय. मी मागून त्याची आई-आजी काढतो, शिवीच्या शेपटाला त्याचं पुढलं वाक्य बांधतो आणि तो ते उचलतो. आवाजवाला माझा आवाज नंतर कापून टाकतो आणि तक्रार करतो की तुमच्या मित्राला जरा आवरा. लोकांना वाटतं, एक आचरट सामो म्हाताऱ्याला छळायला खास तोम्याहून आलाय. वाटू दे. जेवणाच्या सुट्टीत बायका मला शेंगा देतात आणि शिव्या ऐकवायचा आग्रह करतात. माझीही कीर्ती पसरतेय.

आलिमाला मात्र कळलंय. काल तिने माझ्यासाठी पोत्यांमागे एक उशी ठेवली. संध्याकाळी मी तिला म्हटलं, "पोरी, तू कुणाला सांगणार नाहीस ना?" म्हणाली, "काय सांगू? मला तर दोन म्हातारे भांडताना दिसतात." मग थोड्या वेळाने म्हणाली, "काका, ते शब्द विसरतात. पण कुठे थांबायचं आणि कुणाकडे बघायचं, ते अजून एकदाही चुकलेले नाहीत." मी तिच्याशी सहमत झालो नाही. सामोने कसं व्हायचं? म्हटलं, त्याला बघायला येतं कारण त्याला दुसरं काही येत नाही.

अजून नऊ दिवसांचं काम आहे. रात्री तो गाढ झोपतो. सकाळी कधीकधी तुझी आई आत येणार असल्यासारखा दाराकडे बघतो.

अँब्रोजकाका

*

बोबो, १५ नोव्हेंबर १९९२

अँब्रोजास,

पोकोने मला बोबोला आणलं. इथे आंबे चांगले आहेत. म्हणजे आता नाहीत, पण होते. मी आज स्वतः लिहितोय, पोको नुसती बाजूला बसलीय.

तू निघालास तेव्हा काहीतरी बोलायचं होतं. गाडी सुटली आणि मी शिवी देत राहिलो. मग घरी येऊन पुष्कळ आठवलं, काय बोलायचं होतं ते. आता ते इथे लिहावं म्हणून बसलो तर नाही. पण होतं काहीतरी. चांगलं होतं. तू ते मिळालं असं समज.

दवाखान्यातल्या बायका मला प्रमुख म्हणतात. मी कुठल्या गावाचा प्रमुख, विचारलं तर हसतात.

कुत्री खाऊ नकोस, तुझ्या दातांना झेपत नाहीत.

नोआगा

*

वागादुगू, २८ फेब्रुवारी १९९३

पोको,

मेंदूज्वराच्या साथीत तुला रजा मिळाली नाही, त्यामुळे तू यायला हवी होतीस असं म्हणत नाही. पोरांना लस टोचतेस तशी स्वतःही टोचून घे. तू नव्हतीस म्हणून सगळं सांगतो.

बोबोहून नोआगाला आणताना त्रास झाला नाही. खिडकीपाशी बसवलं, झाडं मोजत आला. त्याला तू शिवलेला निळा झगा घातला. सिनेमाच्या महोत्सवाला देशोदेशीची माणसं आली होती. डाकारची, बामाकोची, आबिजानची. थिएटरच्या दारात लोकांनी त्याला घेरलं. कुणी हात हातात घेतला, कुणी पायाशी वाकलं. तो सगळ्यांना घरची खुशाली विचारत होता, बायको बरी, मुलं बरी, गुरं बरी. कुणाचं नाव त्याला माहीत नव्हतं, पण खुशाली विचारायला नाव लागत नाही. कुणाला काही कळलं नाही. आलिमाने आम्हाला मधल्या रांगेत कडेला बसवलं.

दुपारचा खेळ. दिवे गेले. सिनेमा सुरू झाला. रस्ता, धूळ, थांबा, आणि बाकावर म्हातारा. माझा आवाज खरंच सगळा काढून टाकलाय. पोत्यांमागे कुणी होतं असं देवालाही वाटणार नाही.

अर्ध्या तासाने नोआगा माझ्या कानाशी लागला. "हा म्हातारा कोण रे?"

मला वाटलं, नेहमीसारखी माझी फिरकी घेतोय. मी शिवी तयार केली. मग अंधारात त्याच्याकडे पाहिलं, पोको. तो थट्टा करत नव्हता. पुढे वाकून, गुडघ्यांवर कोपरं टेकून, तो पडद्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "एक नट आहे."

"नवा आहे का?"

"नाही. जुना आहे."

त्याने पडद्याकडे बोट केलं. म्हणाला, "चांगला करतो. बघ, बोलायचा थांबला तरी थांबलेला वाटत नाही." मग म्हणाला, "मला असं जमलं नाही कधी. मी आपला खुर्चीत बसायचो."

पोको, तीस वर्षांत मी तुझ्या बापाला एक चांगला शब्द बोललो नाही. बोलायचा नसतोच. त्याचे चौदाच्या चौदा सिनेमे मी पाहिले. तोम्याला फिरता सिनेमा आला की पहिल्या ओळीत मी असायचो. एकेक तीन-तीनदा पाहिला आणि दर वेळी त्याला लिहिलं की झोप आली. पण काल तो मला परक्या माणसाबद्दल विचारत होता. परक्या माणसाबद्दल मला बोलायला कुणाची आडकाठी होती?

म्हणून मी बोललो. त्याच्या कानाशी तोंड नेऊन सगळं बोललो. म्हटलं, याच्यासारखा नट आपल्या देशात दुसरा झाला नाही. हा खुर्चीत नुसता बसायचा आणि अख्खं गाव उभं राहायचं. प्रेताचं काम केलं त्यातही मला रडू आलं होतं, इतकं की मी बाहेर जाऊन बिडी ओढली. आणि शेवटच्या सिनेमात याच्याजवळ शब्दसुद्धा नव्हते, तरी याने काम सोडलं नाही. म्हटलं, मी याला तरुणपणापासून ओळखतो आणि मला त्याचा अभिमान आहे.

तो लक्ष देऊन ऐकत होता. मग विचारलं, "घरी कोणी आहे का त्याला?"

"मुलगी आहे. बोबोला, दवाखान्यात."

"आणि मित्र?"

"आहे एक."

"मग ठीक आहे," म्हणाला, आणि पुन्हा बघायला लागला.

शेवटी बस येते. मुलगा उतरत नाही, कुठला तरी परका माणूस उतरतो आणि म्हातारा स्वतःचं पाणी त्याला देतो. तिथे संपतं. दिवे लागले. सगळं थिएटर उठलं. आलिमाने आमच्या रांगेकडे हात केला आणि हजारभर माणसं आमच्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागली.

नोआगाही उठला. त्याला वाटलं, लोक त्या म्हाताऱ्याला टाळ्या देतायत. त्याने कोऱ्या पडद्याकडे तोंड केलं, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि मनापासून टाळ्या वाजवू लागला. लोकांना वाटलं, काय नम्र माणूस आहे! ते आणखी जोरात वाजवू लागले. कुणाला काही कळलं नाही, पोको. एकालाही नाही.

मी पडद्याकडे पाहिलं नाही. मी त्याच्याकडे तोंड करून वाजवल्या.

तुझा,
अँब्रोजकाका